फोकबोटीबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात शेवटच्या पानावर एक फोटो छापला होता, लाकडी छोटी शिडाची बोट, खाली फक्त एवढंच की ही नॉर्डिक फोकबोट, १९४२ ची जात, आजही पाण्यात आहे. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं अख्खं सदर तिलाच दिलंय. आपला खान्देश समुद्रापासून लांब, कपाशी-केळीचा मुलूख, तरी एवढे प्रश्न आले, फार बरं वाटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन रूमला होतो, आता चाळीसगावला असतो आणि जुन्या लाकडी बोटी हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

आबा, ही फोकबोट कोणत्या कंपनीची? कोणी शोधून काढली? (अमळनेर)

कंपनीबिंपनीची नाही भाऊ. १९४१ साली, बाहेर महायुद्ध पेटलेलं असताना, स्कॅन्डिनेव्हियातल्या शिडाच्या बोटीवाल्यांच्या संघटनेनं एक डिझाईनची स्पर्धा ठेवली. अट ऐकायला सोपी होती, जमवायला महाकठीण. बोट स्वस्त पाहिजे, साध्या पगारदाराला घेता आली पाहिजे, सुट्टीत घरच्यांना घेऊन रात्री मुक्काम करता आला पाहिजे, शर्यतीत पण पळाली पाहिजे आणि बाल्टिक समुद्राच्या त्या आखूड, उभ्या लाटांमधून माणसं सुखरूप घरी आणली पाहिजेत. ५८ डिझाईन आली आणि परीक्षकांनी पहिला नंबर कोणालाच दिला नाही! एकात हे चांगलं, दुसऱ्यात ते चांगलं, पण पूर्ण असं एकही नाही. मग त्यांनी टोर्ड सुंदेन नावाच्या स्वीडिश ड्राफ्ट्समनला बसवलं आणि सांगितलं की निवडलेल्या डिझाईनमधलं चांगलं तेवढं घे आणि एक बोट काढ. स्वेन सालेन हे मोठे जहाजमालक या कामाच्या पाठीशी उभे राहिले, आणि २३ एप्रिल १९४२ ला गोथेनबर्गला पहिली फोकबोट पाण्यात उतरली.

मापं बऱ्याच जणांनी विचारलीत. लांबी ७.६८ मीटर म्हणजे साधारण २५ फूट, रुंदी २.२० मीटर, पाण्याखाली १.२० मीटर, वजन १९३० किलो, शीड २४ चौरस मीटर. आत दोन-चार जण झोपतील, पण ताठ उभं राहता येत नाही, वाकूनच वावरायचं.

श्रेयाचं सांगायचं तर, रेषा ओढल्या सुंदेननं, पण डिझाईन 'अनेकांचं' धरलं गेलं आणि त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालला. मला विचाराल तर त्या माणसावर अन्याय झाला. दुसऱ्यांच्या कल्पना जोडणं हे काही कॉपी मारणं नसतं, पन्नास कागदांतून एक तरंगणारी वस्तू काढायला नजर लागते. १९६० च्या दशकात त्यानं तिचीच फायबरची धाकटी बहीण काढली, इंटरनॅशनल फोकबोट, ती पण हजारोंनी खपली. मूळ फोकबोट आजवर ४००० च्या वर बनल्यात. डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन, इंग्लंड आणि पार अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पण, तिथं उन्हाळ्यात दुपारी असा वारा सुटतो की हलक्या बोटींची दाणादाण उडते आणि या मात्र मजेत पळतात. १९६३ पासून त्यांची गोल्ड कप नावाची मोठी शर्यत भरते.

आबा, हाई नाव उलटी व्हईसन बुडत काबर नही? वारा तं तिले आडवी पाडी दिन ना? (शिरपूर)

वा, अहिराणीत प्रश्न आला (ही नाव उलटून बुडत का नाही, वारा तिला आडवी पाडेल ना, असा), आनंद झाला. याचं उत्तर पाण्याखाली आहे, फोटोत दिसत नाही. बोटीच्या पोटाखाली लोखंडाचा जाड कील बोल्टांनी जोडलेला असतो आणि १९३० किलोपैकी निम्म्याहून जास्त वजन एकट्या त्या कीलचं. वारा शिडाला ढकलतो, बोट कलते, पण ती जितकी कलते तितका कील बाजूला वर उचलला जातो आणि तितक्याच जोरानं तो तिला परत खाली ओढतो. म्हणून फोकबोटीत बसलेल्या नवख्या माणसाला पहिल्या झुळकीला वाटतं की गेलो आता, आणि मग एका ठरावीक कोनाला ती जणू खांदा टेकवते आणि तशीच पळत राहते.

पण बुडत नाही असं मात्र नाही हं भाऊ. मागं बसायची जागा, कॉकपिट, ती जुन्या फोकबोटींत उघडी असते, तिच्यात आलेलं पाणी आपोआप बाहेर जात नाही, ते आत उतरतं. लाटेनं ती भरली तर तोच लोखंडी कील तिला तळाला नेतो. लांब जाणारे लोक म्हणूनच आधी कॉकपिट बंदिस्त करतात, आणि एका माणसानं तर ती काढूनच टाकली, त्याचं पुढच्या उत्तरात येतंय.

सर, एवढ्याशा बोटीतून कोणी खरंच महासागर ओलांडलाय का, की नुसत्या किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरण्याच्या गोष्टी आहेत? (धुळे)

ओलांडलाय, आणि त्याच्यामुळे एक अख्खी शर्यत जन्माला आली. ब्लॉन्डी हॅसलर म्हणून ब्रिटिश रॉयल मरीन्सचे अधिकारी होते, १९४२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या बंदरावर कनूमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, जाऊन जर्मन जहाजांना सुरुंग लावले ते हेच. युद्ध संपल्यावर त्यांना असा ध्यास लागला की एकट्या माणसाला कमीत कमी दमून समुद्र कसा ओलांडता येईल. १९५३ मध्ये त्यांनी फोकबोटीच्या आकारावर स्वतःची बोट बांधून घेतली, नाव 'जेस्टर'. फळ्या एकावर एक चढवण्याऐवजी कडेला कडा लावून गुळगुळीत केली, कॉकपिट बंदच केली, डेकवर मधोमध एक गोल भोक ठेवलं आणि तिथं उभं राहून सगळ्या दोऱ्या हातात येतील अशी सोय केली. शीड चिनी पद्धतीचं, आडव्या काठ्यांचं. वारा वाढला की दोरी सोडायची, शीड पडद्यासारखं खाली घडी होत येतं, डेकवर पाय सुद्धा ठेवायला लागत नाही. सुकाणूला वाऱ्यावर चालणारं एक पातं जोडलं, बोट आपली आपण दिशा धरते आणि माणूस खाली चहा करू शकतो. आज जगभरात एकट्यानं फिरणारे जे वाऱ्यावर चालणारं सुकाणू लावतात त्याच्या मुळाशी या माणसाचं डोकं आहे.

१९६० ला त्यांनीच पुढाकार घेऊन इंग्लंडच्या प्लिमथहून न्यूयॉर्कला एकट्यानं जायची शर्यत उभी केली. पाचच जण निघाले. फ्रान्सिस चिचेस्टर ३९ फुटी बोटीत ४० दिवसांत पोचले, आणि हॅसलर २५ फुटी जेस्टरमध्ये ४८ दिवसांत, दुसरे. पाचांपैकी अजून एक, वेल्सचे व्हॅल हॉवेल्स, तेही फोकबोटीतच होते. डेव्हिड लुईस तिसरे आले, त्यांची बोट व्हर्च्यू जातीची, तीही २५ फुटीच, जॅक लॉरेंट जाइल्सनं १९३६ ला काढलेली (तिच्यावर वेगळं लिहायला पाहिजे, भारी जात आहे). म्हणजे बघा, पाचातल्या तीन बोटी आपल्या घरच्या ओसरीएवढ्या.

पुढं १९६४ ला जेस्टर माईक रिची यांच्याकडे गेली, ते नेव्हिगेशनच्या संस्थेत मोठ्या पदावर होते. त्यांनी ती वर्षानुवर्षं अटलांटिकवर नेली. १९८८ च्या शर्यतीत वादळात ती उलटली, त्यांना एका जहाजानं उचललं, बोट मात्र हातची गेली. मग लोकांनी काय केलं, पैसे गोळा करून हुबेहूब तशीच दुसरी जेस्टर बांधली, १९९२ ला ती पाण्यात आली, आणि रिची ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना परत तिच्यातून निघाले. शर्यतीच्या नियमात नंतर छोट्या बोटींना बंदी आली होती, तिला खास सूट दिली. आता तिच्याच नावानं जेस्टर चॅलेंज भरतं, तीस फुटाच्या आतल्या बोटींसाठी, बक्षीस नाही, नियम जवळजवळ नाहीत, जबाबदारी ज्याची त्याची.

काका, सगळी नावं पुरुषांचीच येतात. मुलींनी कोणी नेलीये का? मी एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे. (जळगाव)

नेलीये ना पोरी, आणि बरोबर विचारलंस. शॅरन साइट्स ॲडम्स, अमेरिकन, १९६५ मध्ये 'सी शार्प' नावाच्या फोकबोटीत एकटी कॅलिफोर्नियाहून हवाईला गेली, ३९ दिवस. असं एकटीनं जाणारी ती पहिली बाई. ऑस्ट्रेलियाच्या ॲन गॅश, पन्नाशी ओलांडलेल्या, नातवंडं असलेल्या, १९७५ ला सिडनीहून 'इलिमो' ही त्यांची फोकबोट घेऊन निघाल्या त्या थेट जगाच्या फेरीला.

आणि तुझ्या वयाची गोष्ट हवी असेल तर टानिया एबी. फोकबोटीवरूनच १९६६ मध्ये इंग्लंडात कॉन्टेसा २६ नावाची फायबरची जात निघाली, तिच्यातली एक बोट टानियाच्या वडिलांनी घेऊन दिली, म्हणाले कॉलेजला जा नाहीतर हिच्यात बसून जगाला फेरी मार. अठरा वर्षांची ती, अनुभव नसल्यात जमा, मे १९८५ ला न्यूयॉर्कहून निघाली आणि नोव्हेंबर १९८७ ला परत आली. बोटीचं नाव काय होतं माहितीये? वरुणा. आपला वरुणदेव. त्या काळी जीपीएस हाताशी नव्हतं, सेक्स्टंटनं सूर्य मोजून जागा काढायची आणि ते पण ती जाता जाता शिकली. गणित सोडू नकोस, एवढंच सांगतो, सेक्स्टंटच्या मागं सगळी त्रिकोणमिती असते.

मी सुतार आहे, पूर्वी वडिलांबरोबर बैलगाड्या केल्यात. फोटोत फळ्या कौलासारख्या एकमेकींवर चढवलेल्या दिसतात. सांध्यातून पाणी येत नाही का? आणि एक फळी सडली तर सगळी बोट उकलावी लागते का? (नंदुरबार)

दादा, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर.

या बांधणीला क्लिंकर म्हणतात. वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर थोडी चढते आणि त्या चढलेल्या पट्ट्यातून तांब्याचा चौकोनी खिळा आरपार जातो. आतल्या बाजूनं खिळ्यावर तांब्याची छोटी खोलगट चकती बसवायची, खिळा जरासा वर ठेवून कापायचा आणि हलक्या हातानं ठोकून त्याचं डोकं पसरवायचं. एक जण बाहेरून जड लोखंड टेकवून धरतो, दुसरा आत वाकून ठोकतो. एकदा आमचं जहाज जर्मनीत कील नावाच्या बंदरात थांबलं होतं, तिथं एका शेडमध्ये हे काम चालू होतं ते मी उभा राहून बघत बसलो. आतला माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज, टक टक टक, आणि आवाज बदलला की बाहेरचा न सांगता पुढच्या खिळ्यावर सरकायचा. जोरात मारलं तर खिळा फळीच्या आत वाकतो आणि पकड जाते, म्हणून बारीक हातोडी आणि बारीक ठोके.

सांध्यात काही भरत नाहीत. पाणी लागलं की फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट दाबतात. उन्हाळ्यात चाकाचे पुठ्ठे सुकून धाव सैल झाली की आपण चाक पाण्यात टाकतो, तुम्ही तर ते स्वतः केलेलं असेल, अगदी तेच इथं. म्हणून हिवाळाभर जमिनीवर ठेवलेली फोकबोट वसंतात पाण्यात सोडली की पहिला दिवस-दोन दिवस ती पाणी घेते, पंप चालू ठेवायचा, मग आपोआप थांबते. नवीन मालक इथंच घाबरतात आणि फटीत कडक पुट्टी भरून टाकतात, ते अजिबात करू नये. फळी फुगायला गेली की पुट्टी जागा देत नाही, मग सगळा जोर बरगड्यांवर येतो आणि त्या तडकतात. (जेस्टरसारख्या गुळगुळीत बोटींत मात्र कडांच्या फटीत सुती पेळू ठासतात. आपल्या कपाशीला असाही उपयोग आहे.)

आता सडण्याचं. खारं पाणी लाकडाला तेवढं मारत नाही, मारतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फटीतून झिरपून जिथं हवा लागत नाही अशा कोपऱ्यात साचतं आणि तिथून बुरशी सुरू. जुनी बोट बघणारा जाणकार माणूस आधी चमकणारं वॉर्निश बघत नाही, तो आत आडवा होऊन, बॅटरी घेऊन, मागच्या पाटाच्या कोपऱ्यांत आणि कीलजवळच्या सगळ्यात खालच्या फळीवर बोथट टोच्या दाबून बघतो. टोच्या सहज आत गेला की समजायचं.

पण अख्खी बोट उकलावी लागत नाही, आणि माझ्या मते फोकबोट ऐंशी वर्षं टिकली ती याच एका कारणानं. तेवढ्या फळीचे खिळे घासून, आतून ठोकून काढायचे, फळी सुटी होते, तिचाच साचा धरून नवी कापायची, लार्च, ओरेगॉन पाईन नाहीतर महोगनी, आणि परत खिळे. बरगड्या ओकच्या, त्या वाफेवर वाकवतात. लाकडी नाहीतर लोखंडी लांब पेटी, खाली पाणी उकळत ठेवलेलं, आणि जुना हिशोब असा की एक इंच जाडीला एक तास वाफ. बाहेर काढल्यावर वेळ फार कमी मिळतो, काही सेकंदांत जागेवर दाबून शिकंजे आवळावे लागतात, गार झालं की लाकूड ऐकत नाही. तडकलेली बरगडी काढायची नसेल तर तिच्या शेजारी नवी बसवतात, जुनी तशीच राहते.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे कीलचे बोल्ट. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, ते लोखंडाला खातं, वरून समुद्राचं पाणी. वर नट छान दिसतो आणि मधे बोल्ट खिळ्याएवढा बारीक झालेला असतो. म्हणून जुनी बोट घेताना एखादा तरी बोल्ट बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं सगळे जुने लोक सांगतात, आणि मी पण तेच सांगेन. आणि जुना लाल रंग घासताना तोंडाला मास्क पाहिजेच, त्यात शिसं असतं.

तुमचा हात वाकसावर बसलेला आहे दादा, तांब्याचे रिव्हेट शिकायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

आपल्या देशात अशी कोणती बोट बनली का? (भुसावळ)

फोकबोटीची सख्खी नाही, पण लाकडी छोट्या बोटींमधलं जगातलं एक मोठं नाव मुंबईचं आहे. 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तेव्हा जहाजावर अधिकारी होते, त्यांनी १९६० च्या दशकात मुंबईत आपल्या सुतारांकडून ती सागवानात बांधून घेतली, ३२ फुटी, विल्यम ॲटकिनच्या 'एरिक' या डिझाईनवर. वाकस (तासायचं) आणि सामता (भोक पाडायचा), हीच हत्यारं. १४ जून १९६८ ला ते इंग्लंडच्या फालमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, कुठंही न थांबता जगाला फेरी मारून तिथंच परत आले. एकट्यानं, न थांबता, जगात पहिल्यांदा. मुंबईच्या सुतारांची नावं त्या बातम्यांत कुठं मोठ्या अक्षरात आली नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे सुहेलीला मानानं ग्रिनिचच्या म्युझियममध्ये ठेवलं आणि तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसायला लागल्या. जिनं दक्षिण महासागर झेलला ती छताखाली तडकायला लागली. शेवटी मालकानं तिला बाहेर काढली आणि कितीतरी वर्षं खपून, खिळे-स्क्रू बदलून परत पाण्यात आणली. तिच्यावरूनच गोव्यात 'थुरिया' बांधली, अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत (एकट्यानं, न थांबता जगाला फेरी मारायची) तिच्यातून गेले होते, वादळात डोलकाठ्या मोडून ते जबर जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली.

फायबरची घ्यावी की लाकडाची? (चोपडा)

रोज वापरायची असेल आणि हात चालवायची आवड नसेल तर फायबर. १९७० च्या दशकापासून फोकबोट फायबरमध्ये पण निघते, साच्यातच फळ्यांच्या कडा उमटवलेल्या असतात आणि वजन लाकडीशी जुळवलेलं असतं, त्यामुळं दोन्ही एकाच शर्यतीत बरोबरीनं पळतात. आवड असेल तर लाकूड.

हतनूरला नाहीतर गिरणा धरणावर फोकबोट चालवता येईल का? पोरगा नऊ वर्षांचा आहे, त्याला शिकवायचंय. (पाचोरा)

फोकबोट नको भाऊ. तिला खाली १.२० मीटर कील आणि आपल्या धरणांत गाळ, बुडालेली झाडांची खोडं, आणि उन्हाळ्यात पाणी कुठल्या कुठं मागं जातं. दोन टनाची बोट काठावर आणायला क्रेन कुठून आणणार. तिकडं धडगाव-अक्कलकुव्याला नर्मदेच्या पाण्यात लोक होडीनं दवाखान्यात जातात, त्यांना विचारा पाण्याखालच्या खोडांचं.

नऊ वर्षांच्या पोराला ऑप्टिमिस्ट. १९४७ ला अमेरिकेत फ्लोरिडात क्लार्क मिल्सनं पोरांसाठी काढलेली, २.३ मीटर लांब, ३५ किलोची, एकच शीड, दोन माणसं हातानं उचलतात. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं तिच्यात शर्यती खेळतात आणि जगातले कितीतरी मोठे शिडवाले तिच्यातूनच सुरू झालेत. शिकायला आपल्याला मुंबईपेक्षा भोपाळ सोयीचं, तिथल्या मोठ्या तलावावर सेलिंगचं चांगलं प्रशिक्षण चालतं आणि भुसावळहून इटारसीमार्गे सरळ गाडी आहे. हैदराबादला हुसेनसागरवर पण चालतं. आधी पोराला पोहायला पक्कं शिकवा, कपडे घालून पोहता आलं पाहिजे, आणि लाइफ जॅकेट त्याच्या वजनाच्या मापाचं घ्या, मोठ्याचं घालून दोरी आवळू नका, पाण्यात ते वर सरकतं आणि तोंड झाकतं.